दातांनी पाइप ऐकणारा मिस्त्री

नगरच्या सावेडीत नवा बंगला उठला की आधी वास्तुशांत होते आणि मग महिनाभरात गोरक्षनाथ मिस्त्रीला फोन जातो. भुताखेतांचं भटजी बघून घेतात, पण भिंतीतला पाइप हंबरायला लागला की मंत्रांचं काही चालत नाही. खाली कुणी फ्लश दाबला की वरच्या बेडरूममध्ये घण घातल्यासारखा ठोका बसतो. शॉवर अर्धा उघडला की कुकरला लाज वाटेल अशी शिट्टी निघते. पालिकेचं पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा सुटते, तेव्हा तर घरात कुणी दमेकरी पाहुणा उतरलाय असं वाटतं. या सगळ्या दुखण्यांचा वैद्य गोरक्षनाथ, आणि त्याचं एकमेव यंत्र म्हणजे लाकडी मुठीचा लांब पेचकस, साधा स्क्रूड्रायव्हर.

पेचकसाचं टोक तो पाइपवर टेकवायचा आणि मूठ दातांत धरायचा. डोळे मिटायचे. बाथरूमच्या ओल्या फरशीवर उकिडवा बसून तोंडात लाकूड धरलेला तो धिप्पाड माणूस पाहिला की नवख्याला हसू यायचं. पण मग तो मूठ तोंडातून काढायचा, बाहीला पुसायचा आणि सांगायचा, "डक्टमधला क्लॅम्प सुटलाय. पाइप भिंतीला धडका देतोय." घरमालक डक्टमध्ये डोकावून बघायचा, तर खरंच क्लॅम्प लोंबकळत असायचा.

"काय कान आहेत हो तुमचे!" लोक म्हणायचे.

ते त्याला ऐकू यायचं नाही.

खरी गोष्ट ही होती की गोरक्षनाथचे दोन्ही कान कधीच कामातून गेले होते. कर्जतकडच्या गावात लहानपणी विहिरीत डुंबून डुंबून कान फुटले, वाहू लागले. आई लसणाचं तेल ओतायची, वर कापूस कोंबायची, आणि पोरगं दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीत. लग्नाच्या वेळी निम्मं ऐकू यायचं. मुलगी सृष्टी लग्न होऊन पुण्याला गेली तोवर शेजारी ठेवलेल्या कुकरची शिट्टीही त्याच्यापर्यंत पोचेनाशी झाली. मात्र दातांच्या हाडातून जे यायचं ते लख्ख यायचं. म्हणजे माणसं मुकी झाली आणि पाइप बोलत राहिले. गोरक्षनाथला या सौद्यात फारसा तोटा दिसत नव्हता. पाइप खोटं तरी बोलत नाहीत.

भीती एकच होती: हे कुणाला कळलं तर संपलं. आंधळ्याकडून कुणी चष्मा करून घेत नाही, तसं बहिऱ्याला कुणी आवाज शोधायला बोलावणार नाही. ते लपवायला त्यानं जो उपाय काढला त्याला नगरमध्ये तोड नव्हती. तो उद्धट झाला. दारातून आत येतानाच हात वर करायचा. "बोलू नका. मी तुमचं ऐकायला आलो न्हाई, पाइपाचं ऐकायला आलोय." तरी घरातली बाई बोलतच राहिली, तिचे ओठ हलताना दिसले, की पुढचा फटका तयार असायचा. "एवढं बोलल्यावर घरातला मानूस टिकंल का, ताई?" नवरे खदखदून हसायचे. बायका ओठ आवळून आत निघून जायच्या. आणि सगळी सावेडी म्हणायची, खरा कारागीर असाच असतो! नम्र प्लंबरला आपल्याकडे कोण विचारतो? तो उद्या येतो म्हणतो आणि येत नाही. हा शिव्या घालतो, पण येतो.

फोन बायको घ्यायची. लोकांना वाटायचं, मिस्त्री मोठा झालाय, सेक्रेटरी ठेवलीय. आरती ऐकून घ्यायची आणि त्याच्यासमोर उभी राहून तोंड मोठं करून, हातवारे करून सगळं सांगायची. तळहातावर मूठ आपटली की ठोका. ओठांवर दोन बोटं ठेवली की शिट्टी. बोटं थरथरवली की गुरगुर. पत्ता ती त्याच्या तळहातावर बोटानं लिहायची. एवढं सगळं करून तिच्या पदरात काय पडायचं, तर शिव्या. जेवणात मीठ कमी, शिव्या. पत्ता चुकला, शिव्या. तो मोठ्यानं बोलायचा, कारण स्वतःचा आवाजही त्याला धड कळत नव्हता, त्यामुळे आरतीचा उद्धार सगळ्या आळीला पाठ होता.

सृष्टीनं एकदा नवऱ्याबरोबर येताना पुण्याहून कानाचं मशीन आणलं. त्यानं ते एक दुपारभर लावलं. पंखा घरघरायला लागला, बांगड्या किणकिणायला लागल्या, स्वतःच्याच चावण्याचा आवाज डोक्यात गिरणीसारखा फिरायला लागला. जेवता जेवता त्यानं मशीन उपटलं आणि भांड्यांच्या साबणाच्या बादलीत टाकलं.

"मशीन लावलेला मिस्त्री कोन बोलवील?" तो गरजला. मग जावयाकडे बघून म्हणाला, "बंद करायचं मशीन मिळत असंल तर आना. हिच्या तोंडाला लावू."

जावई हसला. आरतीनं आमटीचा डाव पातेल्यात परत ठेवला आणि आत गेली. बादलीतून मशीन तिनंच काढलं, उन्हात ठेवलं, पण ते पुन्हा चालू झालं नाही.

मंदार पार्क या सोसायटीत सुचित्राबाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका. त्यांच्या यजमानांचं तेरावं होऊन थोडेच दिवस झाले होते. त्यांच्या शॉवरमधून कण्हल्यासारखा आवाज यायचा म्हणून त्यांनी गोरक्षनाथला बोलावलं. हॉलमध्ये हार घातलेला फोटो होता, पण गोरक्षनाथची नजर दुसऱ्याच्या घरात गेली की छताच्या कडेनं पाइपच शोधत जायची. तो सरळ बाथरूममध्ये शिरला, मूठ दातांत धरून बसला.

सुचित्राबाई दारात उभ्या राहून बोलायला लागल्या. "मिस्त्री, हे अंघोळीला गेले की हाच आवाज यायचा. आता मी शॉवर सोडला ना, की मला वाटतं हेच आत आहेत. परवा तर मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी राहिले हो. वेड्यासारखी." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला.

गोरक्षनाथला समोरच्या आरशात त्यांचे ओठ हलताना दिसले. त्यानं पाठमोऱ्यानंच हात वर केला. मूठ तोंडातून काढली.

"बाई, किती बोलताय? एवढं बोलल्यावर घरातला मानूस टिकंल का?"

सुचित्राबाईंनी दाराची चौकट धरली. गोरक्षनाथनं शॉवरची जाळी उघडली. बोअरच्या पाण्यानं तिची भोकं क्षारानं बुजली होती. ती ॲसिडनं मोकळी केली, कॉकमधला झिजलेला रबरी वायसर बदलला, मूठ पुन्हा दातांत धरून खात्री केली. पाणी लोण्यासारखं उतरत होतं. "झालं बघा. आता गप," असं म्हणून तो निघून गेला. आपण काय केलं हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही.

सुचित्राबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं चालायला लागलं. त्यांची सगळी नोकरी शेवटच्या बाकावरची पोरं ऐकल्याचं सोंग कशी घेतात ते बघण्यात गेली होती. त्यांना आठवलं, मिस्त्री घरात असताना शेजारीच कुकर फुत्कारला होता आणि त्याची पापणी हलली नव्हती. त्यांनी त्याला पुन्हा बोलावलं, या वेळी सिंकखालची गळती बघायला. तो पोटावर पालथा पडून आत शिरला, तेव्हा सुचित्राबाई त्याच्या पायांशी उभ्या राहिल्या आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाल्या, "गोरक्षनाथ, तुमच्या पाठीवर पाल चढलीय."

तो आरामात पाना फिरवत राहिला.

सुचित्राबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर चहा घेतला.

सोसायटीचे चेअरमन नृसिंहराव. त्यांच्या घरातला ठोका काढताना गोरक्षनाथ त्यांना त्यांच्या सुनेदेखत म्हणाला होता, "साहेब, तुमी रिटायर झाला तवा ऑफिसात पेढे वाटले असतील." सुचित्राबाईंनी पालीची गोष्ट सांगितली तेव्हा नृसिंहराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग दोघांनी मिळून बेत केला. बेत म्हणजे काय, शॉवर ठणठणीत असताना तो ओरडतो म्हणून सांगायचं आणि हा काय करतो ते बघायचं.

आरतीनं फोन घेतला, ओठांवर दोन बोटं ठेवली आणि तोंड वेडंवाकडं केलं. शिट्टी, मोठी शिट्टी. तळहातावर मंदार पार्क लिहिलं. गोरक्षनाथ चिडला. आपल्या हातचा वायसर इतक्यात गेला?

सुचित्राबाईंच्या बाथरूमबाहेर मंडळी जमली होती. नृसिंहरावांनी मोबाईल उंच धरला आणि खुणेनं सांगितलं, तुमची कला रेकॉर्ड करतोय. गोरक्षनाथनं शर्ट ओढून सरळ केला, केसांवरून हात फिरवला. माणसं जमून हसत असली की नेमकं काय बोलायचं याची त्याच्याकडे एक ठरलेली पुंजी होती, आणि ती कधी फसली नव्हती.

"काय हो गोरक्षनाथराव, तुम्ही ठार बहिरे ना?" सुचित्राबाईंनी लाडू वाढावा तसं हसून विचारलं.

"तर काय," तो म्हणाला. "अनुभव लागतो."

मागं हास्याची लाट उठली. त्यानं ती चेहऱ्यांवर पाहिली आणि तोही हसला.

"दगडाला कसला आलाय अनुभव?" एक बाई म्हणाली.

"बारीकसारीक सगळं समजतं, ताई."

"आणि बायको कशी नांदते हो या गाढवाजवळ?" नृसिंहरावांनी गंभीर चेहरा करून विचारलं. मोबाईल हातात हलत होता.

गोरक्षनाथनंही चेहरा गंभीर केला. "सोपं न्हाई ते. पन आपन असल्यावर काळजी न्हाई."

एक जण भिंतीला टेकून खाली बसला. लोक आज किती मोकळे आहेत, गोरक्षनाथला वाटलं. त्यानं कधी नव्हे ते कुणालाही गप्प बसवलं नाही.

मग त्यानं शॉवर सोडला आणि पेचकसाची मूठ दातांत धरली.

पाणी वाहत होतं. नुसतं पाणी. त्यानं टोक कॉकवरून कोपऱ्यावर नेलं, कोपऱ्यावरून भिंतीतल्या जोडावर. कॉक अर्धा बंद केला, पुन्हा उघडला. दातांतून गुळगुळीत पाण्याशिवाय काही येईना. त्यानं मूठ आणखी घट्ट चावली, लाकडात दात रुतले. कपाळावरचा घाम नाकावरून टपकायला लागला.

बाईला शिट्टी ऐकू येते. एवढी माणसं जमलीत म्हणजे त्यांनाही येते. मग आपल्याला का येईना? माणसं वयाबद्दल खोटं बोलतात, पगाराबद्दल बोलतात, पोरीच्या पत्रिकेबद्दल बोलतात, हे त्याला माहीत होतं. पण बाथरूममधल्या आवाजाबद्दल कुणी खोटं बोलेल, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. राहता राहिला एकच अर्थ. पावसाळ्यात त्याची दाढ दुखली होती, हिरडी सुजली होती. म्हणजे कानांपाठोपाठ दातही गेले.

 मागं वळून बघायची हिंमत होईना. आवाज नाही म्हणावं, तर हे सगळे म्हणतील, आम्हाला येतो आणि तुला येत नाही? मग पुढचं सगळं आपोआप बाहेर पडेल. त्यानं मूठ तोंडातून काढली, पुसली आणि जन्मात पहिल्यांदा पाइपाबद्दल खोटं बोलला.

"वायसर."

टाळ्या पडल्या.

त्यानं धडधाकट कॉक उघडला. आत त्याचाच नवा वायसर बसलेला होता, कुठं ओरखडासुद्धा नव्हता. तो त्यानं काढून खिशात घातला आणि दुसरा बसवला.  आतलं बारीक नट त्याच्या बोटांतून दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा कसंबसं चढलं, आणि तेही ढिलंच राहिलं. त्यानं वरून पाना फिरवला आणि पाणी सोडलं.

ढिला वायसर पाण्याच्या जोरात फडफडला आणि शॉवर असा किंचाळला की लोकांनी कानांवर हात दाबले. खाली पार्किंगमधलं कुत्रं भुंकायला लागलं. कुणाच्या तरी कडेवरचं बाळ रडायला लागलं.

रोज काम झालं की तो मूठ पुन्हा दातांत धरून खात्री करायचा. आज धरली नाही. पुन्हा काहीच ऐकू आलं नाही तर? त्यानं पेचकस घाईघाईनं पिशवीत कोंबला, उठला आणि त्या किंचाळणाऱ्या शॉवरखाली हात धरून लोकांकडे वळला.

"बघा आता," तो म्हणाला. "हाय का आवाज?"

नृसिंहरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो वळतोय हे पाहून मंडळींनी झटकन कानांवरचे हात काढले होते. सुचित्राबाईंनी मान हलवली, आणि तोंड मोठं करून, त्याला नीट दिसेल अशा बेतानं म्हणाल्या, "छे! मुळीच नाही."

गोरक्षनाथच्या छातीवरचं ओझं उतरलं. घरी जाताना त्यानं भेळ घेतली.

व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तिथून भिशीच्या ग्रुपवर, तिथून कुठं कुठं. दुसऱ्या दिवशी नळाच्या सामानाचा दुकानदार अल्लाबक्ष यानं तो गोरक्षनाथच्याच फोनवर पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. फोन आरतीजवळ होता. तिनं ओट्याशी उभी राहून तो पुरता ऐकला. बहिरा ऐकलं, दगड ऐकलं, गाढव ऐकलं, आणि ती कशी नांदते हा प्रश्नही ऐकला. मग शॉवरची किंचाळी.

गोरक्षनाथ मागून आला आणि त्यानं फोन ओढून घेतला. पडद्यावर तोच होता. शर्ट सरळ, भोवती माणसं, टाळ्या. त्याचा चेहरा फुलला.

"काय म्हनत्यात?"

 आरतीचा हात कानाकडे निघाला होता. सांगायला काय, दोन खुणांचं काम होतं. पण सृष्टीसमोर, जावयासमोर तोंडाला लावायचं ते मशीन तिला त्याच घटकेला आठवलं असावं. हात तिथंच वळला. अंगठा आणि बोट जुळवून तिनं झकास अशी खूण केली.

"कौतुक करतायत," ती तोंड मोठं करून म्हणाली.

"मग! आन् तुमी मायलेकी मला मशीन लावायला निघाला हुता!" तो म्हणाला, आणि त्यानं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, आमची कला. रात्रीपर्यंत किती जणांनी बघितला ते तो आरतीला पुन्हा पुन्हा दाखवत होता.

सकाळी सुचित्राबाईंचा फोन आला. "अहो, त्यांनी तो स्टेटसला ठेवलाय. काढायला सांगा ना. आम्ही आपली गंमत केली."

"तुमीच येऊन सांगा," आरती म्हणाली. "फक्त वरडून सांगावं लागंल. सगळी आळी ऐकंल."

 "आणि... शॉवर आता खरंच ओरडतोय हो. आंघोळ करता येत नाही. त्यांना पाठवता का?"

आरतीनं ओठांवर दोन बोटं ठेवली आणि तळहातावर मंदार पार्क लिहिलं.

गोरक्षनाथ भडकला. "त्याच बाईच्या घरी? माझ्या हातचं काम वरडत न्हाई. सगळ्यांदेखत न्हाई म्हनाली ती! म्हनावं, कान तपासून घे."

आरतीनं निरोप जसाच्या तसा सांगितला. सुचित्राबाईंनी फोन ठेवला.

त्यानंतर फोन येईनासे झाले. सावेडीतले पाइप काही एका आठवड्यात शहाणे झाले नव्हते. ते होते तसेच हंबरत होते, फक्त लोक दुसऱ्याला बोलावू लागले होते. गोरक्षनाथ ओसरीवर पाने आणि पकडी पुसत बसायचा. संध्याकाळी आरतीला विचारायचा, ती मान हलवायची. मग एक दिवस त्याला उमगलं.

"फोन वाजतोय आन् तुला ऐकू येत न्हाई," तो ओरडला. "बहिरी झालीस तू! तुझ्यामुळं माझं काम बुडालं!"

शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.  त्यानं तिच्या हातातून फोन हिसकावला, सृष्टीनं कधीतरी शिकवलेली थरथरायची सोय चालू केली आणि फोन शर्टाच्या खिशात छातीशी ठेवला. आता त्याला कुणाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिसा थरथरला. त्यानं घाईनं फोन काढला, हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला.

"हां, बोला साहेब."

फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई रिचार्जची मुदत संपत आल्याचं सांगत होती. आवाज एवढा मोठा होता की धान्य निवडत बसलेल्या आरतीला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"व्हय, व्हय. समजलं," गोरक्षनाथ म्हणाला. "पाइपच हाय तो. बोलू नका आता, मी येऊन बघतो. लगेच येतो."

बाईनं धन्यवाद म्हटलं आणि फोन बंद झाला. गोरक्षनाथनं पिशवी खांद्याला अडकवली, पेचकस आहे ना ते चाचपून पाहिलं, चपला घातल्या आणि फाटकापाशी गेला. तिथं थांबला. रस्त्याच्या एका अंगाला पाहिलं, मग दुसऱ्या अंगाला. मग तो वळला आणि उघडा तळहात पुढे करून आरतीकडे बघू लागला.

आरतीनं सूप मांडीवर ओढलं आणि खडे वेचत राहिली.